सांगोवांगीच्या वाटा: इंटरनेटचे रस्ते आणि त्यांवरचा शिक्का

नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. १९२५ साली तिथे इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, १९२८ साली करन्सी नोट प्रेस आली, आणि देशात ज्या कागदांवर खऱ्याखोट्याचा निवाडा होतो त्यांतले कितीतरी तेव्हापासून याच गावात छापले जातात. नोटा, टपाल तिकिटं, मुद्रांक, पासपोर्टच्या पुस्तिका. या साऱ्या कारभाराचा पाया साधा आहे. कागद कोणीही छापू शकतो, पण त्यावर खूण उमटवायचा अधिकार ठराविक ठिकाणीच असतो, आणि घेणारा ती खूण बघितल्याशिवाय कागद हातात घेत नाही.

ज्या इंटरनेटवर आज बँका, इस्पितळं, शेअर बाजार आणि सरकारी कचेऱ्या चालतात, त्याच्या रस्त्यांना अशी खूण पहिली बावीस वर्षं नव्हतीच. ‘अमुक पत्त्यांकडे जायचा रस्ता माझ्याकडून जातो’ असं जगातल्या कुठल्याही नेटवर्कने म्हणावं आणि बाकीच्यांनी ते खरं धरून चालावं, असा हा व्यवहार होता. खूण आली ती २०११ नंतर, आणि ती बघायची सवय अजून सगळ्यांना लागलेली नाही. एवढा डोलारा इतकी वर्षं निव्वळ एकमेकांच्या शब्दावर उभा राहिला, याचं मला इंटरनेटच्या वेगापेक्षाही जास्त नवल वाटतं.

रस्ता म्हणजे नेमकं काय, ते घरबसल्या बघता येतं. गंगापूर रोडवरच्या किंवा सिडकोतल्या कुठल्याही घरात ब्रॉडबँडला जोडलेला विंडोज संगणक घ्यायचा, कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची, ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा द्यायची आणि पुढे एखाद्या संकेतस्थळाचं नाव टाइप करायचं. ओळीमागून ओळ उमटू लागते. पहिली ओळ घरातल्या राउटरची, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारी, एखाद्या मिलिसेकंदाची. दुसरी-तिसरी आपल्या ब्रॉडबँडवाल्याची. मग आकडा थोडा चढतो, आणि राउटरला नाव असेल तर त्यात मुंबईची खूण सांगणारी तीन अक्षरं बऱ्याचदा दिसतात. म्हणजे माहिती कसाऱ्याचा घाट उतरून मुंबईत पोहोचली. मधल्या काही ओळींत नुसत्या चांदण्या येतात. त्यांना घाबरायचं कारण नाही. तो राउटर अशा चौकशीला उत्तर देत नाही, इतकंच. पत्ता युरोप-अमेरिकेतला असेल तर पुढच्या एकाच ओळीत आकडा शंभराच्या पलीकडे उडी मारतो. तिथे समुद्राखालची केबल लागलेली असते.

एवढ्या प्रवासात माहिती दोन-तीन मालकांच्या हद्दी ओलांडते. इंटरनेट ही काही एकाच मालकाची वास्तू नाही. पंच्याहत्तर हजारांहून जास्त स्वतंत्र नेटवर्कं एकमेकांना जोडली गेली, त्या जोडणीला आपण इंटरनेट म्हणतो. अशा प्रत्येक नेटवर्कला एक क्रमांक असतो, त्याला एएस क्रमांक म्हणतात. एअरटेलचा ९४९८, बीएसएनएलचा ९८२९, जिओचा ५५८३६. १५ ऑगस्ट १९९५ ला ज्या विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्याचा क्रमांक ४७५५. आज तो टाटा कम्युनिकेशन्सकडे आहे. त्याच्याही आधी जुहूची एनसीएसटी आणि आयआयटी यांना जोडणारं अर्नेट होतं, त्याचा २६९७. आपल्या हद्दीत कोणी काय करावं हा ज्याचा त्याचा मामला. हद्दीपलीकडे शेजाऱ्याशी बोलायची भाषा मात्र सगळ्यांची एकच आहे: बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, बोलण्यात बीजीपी.

या भाषेचा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात इंटरनेटच्या अभियंत्यांची बैठक भरली होती. नेटवर्कांची संख्या वाढत चालली होती आणि तेव्हाची पद्धत पुरी पडत नव्हती. सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर जेवताजेवता यावर बोलत बसले आणि त्यांनी कागदी नॅपकिनांवरच नव्या पद्धतीचा आराखडा काढला. त्या डागाळलेल्या नॅपकिनांवरून जूनमध्ये आरएफसी ११०५ हा दस्तऐवज निघाला. वेळ मारून नेण्यासाठी केलेली ती सोय होती. तिची चौथी आवृत्ती १९९४ साली आली आणि आजही सगळं जग तिच्यावरच चालतं. तिच्यात सुरक्षेचा विचार नव्हता म्हणून त्या दोघांना बोल लावण्यात अर्थ नाही. तेव्हा शेजारचं नेटवर्क म्हणजे एखादं विद्यापीठ किंवा प्रयोगशाळा असायची, आणि तिथला माणूस नावानिशी ओळखीचा असायचा.

बीजीपीचं बोलणं असं चालतं. एक नेटवर्क शेजाऱ्यांना सांगतं, ‘हा पत्त्यांचा गट माझ्याकडे आहे.’ शेजारी त्या निरोपाला आपला क्रमांक जोडतो आणि आपल्या शेजाऱ्यांना सांगतो. तिथून पुढे, पुन्हा पुढे. काही मिनिटांत तो निरोप जगभर पोहोचतो, आणि त्याच्यासोबत तो कोणाकोणाच्या हातून आला त्या क्रमांकांची माळही. मोठ्या राउटरच्या स्मरणात असे दहा लाखांच्या आसपास निरोप कायम हजर असतात. एकाच ठिकाणाला दोन रस्ते असले तर कुठला घ्यायचा, हे ठरवायचे नियम बरेच आहेत. पण अपघात समजून घ्यायला दोनच पुरतात. पहिला असा की ज्याने पत्त्यांचा लहान, अधिक नेमका गट जाहीर केला त्याचं ऐकायचं. दुसरा नियम तंत्राचा नाही, धंद्याचा आहे: जो आपल्याला पैसे देतो त्या ग्राहकाकडून आलेला रस्ता आधी धरायचा, बाकीचे मागून.

पहिल्या नियमाने काय होतं ते २००८ च्या फेब्रुवारीत दिसलं. पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा हुकूम निघाला होता. तो पाळण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांपैकी २०८.६५.१५३.०/२४ हा गट आपल्याकडे आहे असं आपल्या नेटवर्कात जाहीर केलं, म्हणजे देशातल्या लोकांची मागणी तिथे येऊन गडप व्हावी. हा निरोप देशापुरता राहायला हवा होता. तो हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूकडे गेला आणि पीसीसीडब्ल्यूने कसलीही शहानिशा न करता जगाला सांगून टाकला. तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान: /२२ मध्ये १,०२४ पत्ते, /२४ मध्ये २५६. यूट्यूबने स्वतः /२२ जाहीर केलेला होता. /२४ अधिक नेमका, म्हणून जगाने त्याचं ऐकलं.

आपल्या घड्याळात तेव्हा २५ फेब्रुवारीची मध्यरात्र उलटून सतरा मिनिटं झाली होती. यूट्यूबचे प्रेक्षक, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातले, पाकिस्तानात जाऊन आदळू लागले. १ वाजून ३७ मिनिटांनी यूट्यूबने तोच /२४ आपल्या नावाने जाहीर केला. आता दोघे बरोबरीत आले, थोडी वाहतूक परतली. १ वाजून ४८ मिनिटांनी त्यांनी आणखी खाली जाऊन दोन /२५ जाहीर केले. अखेर अडीचच्या सुमारास पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तानकडून येणारे निरोपच तोडले तेव्हा प्रकरण मिटलं. इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की खऱ्या मालकाकडे आपण खरे आहोत हे सिद्ध करायचं काहीच साधन नव्हतं. खोटं बोलणाऱ्यापेक्षा जास्त नेमकं बोलणं, एवढा एकच उपाय त्याच्या हातात होता.

दुसऱ्या नियमाचं उदाहरण आपल्या घरचं आहे. १२ मार्च २०१५ च्या दुपारी मुंबईच्या हॅथवेने, एएस क्रमांक १७४८८, गुगलचे तीनशेहून जास्त पत्तागट एअरटेलला जाहीर केले. हॅथवेची गुगलशी थेट जोडणी होती. अशा जोडणीचा अलिखित करार असा असतो की गुगलचे रस्ते हॅथवेने आपल्या ग्राहकांसाठी वापरायचे, पण पुढे कोणाला सांगायचे नाहीत. ते सांगितले गेले. हॅथवे हा एअरटेलचा पैसे देणारा ग्राहक. ग्राहकाचा रस्ता आधी, या नियमाने एअरटेलने तो उचलला आणि युरोप-अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्यांना सांगितला, त्यांनीही घेतला. काही काळ गुगलकडे जाणारी परदेशातली वाहतूक भारतातल्या एका ब्रॉडबँड कंपनीच्या दारातून जाऊ लागली आणि तिथे कोंडली. इथे कोणी कोणाचे पत्ते बळकावले नव्हते. रस्ता खराच होता, फक्त तो सांगायचा अधिकार नव्हता. जाणकार याला ‘रूट लीक’ म्हणतात आणि पत्तेच बळकावण्याला ‘हायजॅक’. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला खुद्द एअरटेलच्या क्रमांकावरून दुसऱ्यांच्या सोळा हजारांहून जास्त पत्तागटांची मालकी जाहीर झाली, आणि हा प्रकार कित्येक तास चालला. मग १६ एप्रिल २०२१: संध्याकाळी सव्वासात-साडेसातच्या दरम्यान व्होडाफोन आयडियाच्या ५५४१० या क्रमांकाने तीस हजारांहून जास्त पत्तागट आपलेच म्हणून सांगितले. दहा मिनिटांत चूक सावरली गेली, पण तेवढ्यात त्या नेटवर्ककडे येणारी वाहतूक नेहमीच्या तेरापट झाली होती. जगभरची मागणी एका दारावर येऊन पडली की त्या दाराचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

‘इंटरनेटवर हल्ला’ असे मथळे वाचले की मला हे प्रसंग आठवतात. रस्त्यांचे गाजलेले बहुतेक घोटाळे कोणाच्या तरी सेटिंगमधल्या चुकीने झालेले आहेत. अगदी पहिला मोठा प्रसंगही तसाच: २५ एप्रिल १९९७ ला अमेरिकेतल्या एका लहान कंपनीच्या राउटरने, तिचा क्रमांक ७००७, जगाचे रस्ते आपल्या नावाने जाहीर केले आणि इंटरनेटचा मोठा भाग तासन्तास लंगडला. पण चुकून जे होऊ शकतं ते मुद्दामही करता येतं, हे लोकांना कळायला वेळ लागला नाही. १९ मे १९९८ ला लॉफ्ट नावाच्या हॅकरमंडळाने अमेरिकी सिनेटपुढे साक्ष दिली की अर्ध्या तासात आम्ही इंटरनेट बंद पाडू शकतो. त्यांच्या मनात बीजीपी होतं.

पैशासाठी कसं होतं, ते २४ एप्रिल २०१८ च्या प्रकरणात तपशिलाने दिसतं. ओहायोतल्या ईनेट या कंपनीच्या क्रमांकावरून ॲमेझॉनचे काही /२४ जाहीर झाले. हे पत्ते होते ॲमेझॉनच्या नाव-सेवेचे, म्हणजे ‘या नावाचं संकेतस्थळ कुठे आहे?’ या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या यंत्रांचे. चोरांनी बाकी सगळ्या प्रश्नांकडे काणाडोळा केला. मायइथरवॉलेट या एकाच संकेतस्थळाची चौकशी आली की तेवढ्यापुरतं खोटं उत्तर द्यायचं आणि ग्राहकाला रशियातल्या नकली पानावर पाठवायचं. प्रमाणपत्र बनावट असल्याचा इशारा ब्राउझर देत होता. ज्यांनी तो बाजूला सारून पासवर्ड टाकला त्यांची खाती रिकामी झाली. दोनेक तासांत सुमारे दीड लाख डॉलरचं आभासी चलन गेलं. फसलेल्या माणसाने पत्ता अगदी बरोबर टाइप केला होता. त्याचा संगणक साफ, ॲमेझॉनची यंत्रंही शाबूत. खोटा होता तो मधला रस्ता.

यावरचा इलाज म्हणजे नाशिकरोडच्या प्रेसचंच तत्त्व. त्याचं नाव आरपीकेआय. पत्त्यांचं वाटप जगात पाच प्रादेशिक संस्था करतात. आपल्या भागाची एपनिक, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला. भारतापुरतं हे काम २०१२ पासून आयआरआयएनएन ही नोंदणीसंस्था करते. २००३ साली स्थापन झालेल्या निक्सी या राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंजचं ते अंग. ज्याने पत्ते दिले तोच ‘हे पत्ते याचे’ असं डिजिटल सहीचं प्रमाणपत्र देतो. नव्या ई-पासपोर्टच्या पुस्तिकेतल्या चिपवर सरकारची जी सही असते, तिच्याच घराण्यातली ही सही. दोन्हींतली प्रमाणपत्रं एक्स.५०९ या एकाच नमुन्याची. प्रमाणपत्र मिळालेला मालक मग एक छोटं जाहीरपत्र काढतो, त्याला रोआ म्हणतात. त्यात तीनच गोष्टी असतात: पत्त्यांचा गट, तो जाहीर करायचा अधिकार कोणत्या एएस क्रमांकाला, आणि गटाचे जास्तीत जास्त किती बारीक तुकडे जाहीर करायला मुभा.

समजा, नाशिक जिल्ह्यातल्या एका ब्रॉडबँडवाल्याकडे २०३.०.११३.०/२४ हा गट आहे आणि त्याचा क्रमांक ६४५००. हे दोन्ही आकडे उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, कोणाचे नव्हेत. त्याने रोआ काढला: हा गट, हा क्रमांक, कमाल लांबी २४. आता तोच गट दुसऱ्या कुठल्या क्रमांकाने जाहीर केला, किंवा त्याने स्वतःच /२५ जाहीर केला, तर तो निरोप अवैध. रोआशी जुळला तर वैध. आणि ज्या गटाचा रोआच नाही, त्याचा निरोप ‘माहीत नाही’ या तिसऱ्या खान्यात. तो अजून चालवूनच घ्यावा लागतो, नाहीतर अर्धं जग बंद पडेल. हा पडताळा राउटर स्वतः करत नाही. शेजारी एक साधा संगणक ठेवलेला असतो, त्यावर रूटिनेटरसारखं मोफत सॉफ्टवेअर जगभरचे रोआ उतरवून घेतं, सह्या तपासतं आणि तयार यादी राउटरच्या हाती देतं. राउटरचं काम एवढंच: अवैध निरोप टाकून द्यायचा.

आता गंमत अशी की या व्यवस्थेत शिक्का मारणारा एक आणि तो तपासणारे दुसरेच. नाशिकच्या ब्रॉडबँडवाल्याने रोआ काढला म्हणून त्याचे पत्ते सुरक्षित होत नाहीत. फ्रँकफर्ट, सिंगापूर, मुंबईतल्या परक्या नेटवर्कांनी तो तपासला तर होतात. आणि त्याने स्वतः तपासणी सुरू केली तर फायदा त्याच्या ग्राहकांइतकाच दूरच्या परक्या मालकांचा. खर्च एकाचा, लाभ दुसऱ्याचा, असं काम कुठेही रखडतंच. आरपीकेआयचे मुख्य दस्तऐवज २०१२-१३ मध्ये निघाले आणि पुढची पाच-सहा वर्षं त्यांची आठवण फारशी कोणी ठेवली नाही. अमेरिकेच्या एटी अँड टीने फेब्रुवारी २०१९ मध्ये अवैध निरोप टाकायला सुरुवात केली, पाठोपाठ इतर मोठ्या कंपन्या आल्या, आणि मग चक्र फिरलं. १ मे २०२४ च्या सुमारास जगातल्या आयपीव्ही४ रस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त रस्ते रोआखाली आले.

फरक पडतो का? ट्विटरच्या एकाच पत्तागटावर वर्षाच्या अंतराने दोनदा जे घडलं त्यावरून तो मोजता येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये, लष्करी उठावानंतर, म्यानमारमधल्या एका नेटवर्कने देशात ट्विटर अडवण्याच्या नादात तो गट जाहीर केला आणि तो निरोप बाहेर निसटला. त्यानंतर ट्विटरने रोआ काढून ठेवला. २८ मार्च २०२२ ला रशियातल्या एका कंपनीकडून तोच गट, तशाच कारणाने, पुन्हा बाहेर निसटला. या वेळी बड्या कंपन्यांनी तो अवैध म्हणून टाकून दिला आणि तो फारसा पसरलाच नाही. २००८ च्या यूट्यूबला हे साधन मिळालं असतं तर नाशिकमध्ये त्या रात्री जागणाऱ्यांना काही कळलंही नसतं.

पण शिक्क्याची व्यवस्था आली की शिक्क्याचीच चोरी करायला कोणीतरी निघतोच. हे नाशिकला वेगळं सांगायला नको. अब्दुल करीम तेलगीचा मुद्रांक घोटाळा देशभर पसरला, कारण त्याने नकली मुद्रांक छापायला प्रेसमधून भंगारात निघालेली खरी यंत्रंच मिळवली होती. ३ जानेवारी २०२४ ला स्पेनमध्ये याचा डिजिटल अवतार बघायला मिळाला. ऑरेंज या मोठ्या दूरसंचार कंपनीचं युरोपीय नोंदणीसंस्थेतलं खातं एका हॅकरने उघडलं. पासवर्ड कच्चा होता, ‘राइपॲडमिन’, आणि तोही आधीच एका व्हायरसने चोरलेला. दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावलेलीच नव्हती. आत शिरून त्याने खोट्या मालकीचे रोआ काढले. सह्या अस्सल, मजकूर खोटा. जगभरच्या प्रामाणिक राउटरांनी आपलं काम चोख केलं, म्हणजेच ऑरेंजचे खरे रस्ते अवैध म्हणून टाकून दिले. जे नेटवर्क तपासणीत जितकं काटेकोर, तितकं त्याच्या लेखी ऑरेंज स्पेन नाहीसं झालेलं. तीनेक तास त्या कंपनीचे ग्राहक अडकून पडले.

दुसरी पळवाट जास्त कसबाची आहे. रोआ फक्त एवढंच सांगतो की माळेच्या टोकाला कोणाचा क्रमांक असायला हवा. मग चोराने आपल्या क्रमांकाच्या मागे खऱ्या मालकाचा क्रमांक खोटाच जोडला तर? तपासणाऱ्याला टोकाला मालक दिसतो आणि निरोप वैध ठरतो. १७ ऑगस्ट २०२२ ला सेलर ब्रिज या आभासी चलनाच्या सेवेवर नेमकं हेच झालं. चोराने ॲमेझॉनचा एक /२४, टोकाला ॲमेझॉनचाच क्रमांक लावून, इंग्लंडमधल्या एका होस्टिंग कंपनीच्या आडून जाहीर केला. ॲमेझॉन स्वतः मोठा गट जाहीर करत होती, पण तिच्या रोआत /२४ पर्यंतच्या तुकड्यांना मुभा होती. त्या मोकळ्या जागेतून चोर आत आला आणि सुमारे २,३५,००० डॉलर घेऊन गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरएफसी ९३१९ निघाला. त्याचं सांगणं थोडक्यात असं की कमाल लांबीची मुभा सैल ठेवू नका. जेवढं प्रत्यक्ष जाहीर करता, तेवढ्याचाच रोआ काढा. कधी गरज लागली तर असू द्यावी म्हणून मोकळीक ठेवायची आपली सवय इथे महागात पडते.

माळेतल्या प्रत्येक मण्यावर सही करायची, ही कल्पना जुनी आहे. बीजीपीसेक या नावाने तिचा दस्तऐवज २०१७ मध्ये निघाला. वापरात ती जवळजवळ नाही, कारण मार्गातलं एक नेटवर्क जरी सहीविना राहिलं तरी पुढची साखळी निरुपयोगी होते, आणि राउटरांवर सह्या तपासण्याचा बोजा पडतो तो वेगळाच. सध्या आशा आहे ती आस्पा नावाच्या हलक्या उपायावर. त्यात प्रत्येक नेटवर्क सही करून एवढंच नोंदवतं की ‘माझे पुरवठादार कोण.’ ती यादी असली की खोटा जोडलेला क्रमांक बऱ्याचदा उघडा पडतो, आणि हॅथवेच्या प्रसंगासारखी गळतीही पकडता येते: गुगलने हॅथवेला आपला पुरवठादार म्हणून नोंदवलेलं नाही, मग गुगलचे रस्ते हॅथवेमार्फत एअरटेलला कसे आले? साध्या रोआला हा प्रश्न पडूच शकत नाही, कारण गळतीत टोकाचा क्रमांक खराच असतो. आस्पाची घडण अजून चालू आहे. तोवर गळतीसाठी आणि एकदम हजारो गट जाहीर होण्याच्या चुकांसाठी जुनंच औषध आहे, स्वस्त आणि दुर्लक्षित: शेजाऱ्याने एरवी चारशे गट सांगायचे आणि अचानक चाळीस हजार सांगितले, तर जोडणी आपोआप तोडायची मर्यादा राउटरवर घालून ठेवायची. व्होडाफोन आयडियाच्या किंवा एअरटेलच्या चुकीचा प्रसार अशा एका ओळीच्या सेटिंगने जागच्या जागी थांबवता येतो.

केबल टीव्हीच्या धंद्यातून इंटरनेटमध्ये आलेले अनेक लहान पुरवठादार राज्यभर आहेत. त्यांच्यासाठी ‘सी’ वर्गाचा परवाना असतो, साधारण एका जिल्ह्यापुरता. महावितरणच्या खांबावरून लोंबणारी फायबर तुटली की रात्री-बेरात्री शिडी घेऊन निघणारी ही माणसं. त्यांना आरपीकेआय म्हणजे बड्यांचे चोचले वाटणं साहजिक आहे. पण ज्याच्याकडे स्वतःचे पत्ते आणि स्वतःचा क्रमांक आहे त्याला रोआ काढायला पैसे पडत नाहीत, आणि नोंदणीसंस्थेच्या खात्यात शिरून फॉर्म भरायला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही. खरी काळजी घ्यायची ती त्या खात्याच्या पासवर्डची, आणि क्रमांक किंवा पुरवठादार बदलला की रोआ बदलायची. जुना रोआ तसाच राहिला आणि पत्ते नव्या क्रमांकावरून जाहीर झाले, तर जगाच्या लेखी आपणच चोर. बाहेरून हल्ला न होता स्वतःच्याच रोआने स्वतःला बंद पाडून घेतलेली नेटवर्कं काही थोडी नाहीत.

आपला ब्रॉडबँडवाला शिक्का तपासतो की नाही, हे ग्राहकालाही बघता येतं. क्लाउडफ्लेअर या कंपनीने एप्रिल २०२० मध्ये ‘इज बीजीपी सेफ येट’ नावाचं संकेतस्थळ त्यासाठीच काढलं. त्यातलं चाचणीचं बटण दाबलं की आपला ब्राउझर दोन ठिकाणी जाऊन येतो. एकाचा रोआ जुळणारा, दुसऱ्याचा मुद्दाम न जुळणारा ठेवलेला. दुसरंही पान उघडलं तर आपल्यापर्यंत अवैध रस्ते येत आहेत. नाही उघडलं तर वाटेत कोणीतरी ते गाळतंय. मात्र ते आपला नाशिकचा ब्रॉडबँडवालाच असेल असं नाही, मुंबईत त्याला जोडणी देणारी मोठी कंपनीही असू शकते. ते त्यालाच फोन करून विचारावं. बहुतेक ठिकाणी फोन उचलणाऱ्याला प्रश्न कळणार नाही. तेव्हा नेटवर्क बघणाऱ्या माणसाला द्या म्हणावं आणि त्याला विचारावं की राउटरवर अवैध रस्ते टाकून देता का, आणि शेजाऱ्यांवर गटांच्या संख्येची मर्यादा घातली आहे का.